करकोच्याकडे परतभेट

६ ऑक्टोबर

इस्क्राने ही वही दिली आणि म्हणाली, "आई, आफ्रिकेतलं रोज लिहून ठेव." आफ्रिका अजून फेब्रुवारीत आहे, पण माझे हात आत्ताच शिवशिवतायत. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून माझं ऐकून घेणारं कोणी उरलं नाही. वल्को असतो समोर, पण त्याचं लक्ष खांबावर.

आज तो सत्तर वर्षांचा झाला. लेक प्लोवदिव शहरातून आली आणि तिने बापाच्या हातात पाकीट ठेवलं. आत आम्हा दोघांची युगांडाची सहल, पेन्शनवाल्यांच्या एका गटाबरोबर. वल्कोने वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि अंगणात जाऊन विजेच्या खांबाखाली उभा राहिला. वर घरटं रिकामं. हाजी ऑगस्टमध्येच आफ्रिकेला गेला.

हाजी म्हणजे आमचा करकोचा. गावात सगळ्याच करकोच्यांना हाजी म्हणतात, दर वर्षी दूरदेशी जाऊन परत येतात म्हणून. पण आमच्या घरी हाजी एकच. वीस वर्षं तोच येतो असं वल्को शपथेवर सांगतो. मला विचाराल तर सगळे करकोचे सारखेच, आणि सगळ्यांचा नेम माझ्या दोरीवरच्या धुतलेल्या चादरींवर. यंदा हाजीला यायला एप्रिल उजाडला. आमच्याकडे एक मार्चला मनगटावर लाल-पांढरा धागा बांधतात आणि पहिला करकोचा दिसला की सोडतात; वल्कोने तो मळून काळा झाला तरी सोडला नाही. खालच्या आळीत दुसरा करकोचा दिसला होता, तोही त्याला चालला नाही. म्हणे तो आपला नव्हे.

जेवताना म्हणाला, "इतकी वर्षं तो आपल्याकडे येतोय. आपण त्याच्याकडे एकदाही गेलो नाही. माणसाने परतभेट द्यायला नको का, गिंके?"

"त्याने बोलावलंय का?" मी म्हटलं. इस्क्रा हसली. वल्को नाही हसला.

१४ ऑक्टोबर

आज माझ्या हातून जे झालं ते बरोबर की चूक, मला अजून कळत नाही.

सकाळच्या बसने प्लोवदिवला लसीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर झ्लातेवा म्हणून एक तरुण बाई आहेत. भिंतीवर जगाचा नकाशा, त्यात पीतज्वराचा पट्टा रंगवलेला. कावीळ, विषमज्वर, धनुर्वात यांच्या लशी दंडावर टोचू म्हणाल्या. हिवतापाच्या गोळ्या रोज जेवणाबरोबर, बाटलीतलंच पाणी, कच्ची कोशिंबीर अजिबात नाही. कोशिंबिरीचं ऐकून वल्को हळहळला. पीतज्वराची लस घेतल्याशिवाय मात्र त्या देशात पाऊलच टाकता येत नाही.

"बाय वल्को, रोजची औषधं कोणती?" वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे बाय म्हणतात.

"सकाळी एक घोट राकिया. घरी गाळलेली, द्राक्षांची."

बाई हसल्या. "ते औषध नाही. त्याशिवाय?"

"त्याशिवाय काही नाही," वल्को म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

सहा वर्षं तो दर रविवारी सांध्यांची गोळी घेतोय. त्याच गोळीवर त्याचे हात चालतात, आणि त्याच गोळीने अंगातली ताकद कमी होते, हे त्याच्या डॉक्टरांनी आम्हाला दहादा सांगितलंय. त्याला विसर पडलेला नव्हता. त्याचा कान लाल झाला होता. लग्नाच्या मागणीच्या वेळी वय सांगताना झाला होता तसाच.

मी बोलले. गोळीचं नाव सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश समजावलं. या लशीत तो रोग जिवंत असतो, पण दमवलेला. धडधाकट अंग त्याला आवरतं. ज्याच्या अंगातली राखण गोळीने झोपवून ठेवलीय, त्याला तो आवरेलच असं नाही. जीवावर बेतू शकतं.

"लस नको असं लिहून द्या मग. सूट मिळते म्हणे," वल्को म्हणाला.

"मिळते. विमानतळावरचा माणूस तो कागद वाचेल, बाय वल्को. डासाला वाचता येत नाही."

निघता निघता त्याने दाराशी थांबून विचारलं, "आणि गोळी सोडली तर?"

"किमान तीन महिने बंद हवी. पण सांध्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मनातसुद्धा आणू नका."

"नुसतं विचारलं," वल्को म्हणाला.

बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला नाही.

१७ ऑक्टोबर

माझ्याशी बोलत नाही. कुत्र्याशी बोलतो, स्टोव्हशी बोलतो, रेडिओवरच्या माणसाशी वाद घालतो. मी मिरच्या भाजत होते तेव्हा खिडकीतून कुत्र्याला म्हणाला, "बघ रे, घरात चहाडखोर माणूस असलं की असं होतं."

मी आत बसून रडले. मग मिरच्या सोलल्या. गप्प बसले असते तर फेब्रुवारीत तो खूश असता, आणि मार्चमध्ये कदाचित नसताच. हे मी त्याला सांगायला गेले, तर तो कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेला.

२ नोव्हेंबर

चमत्कार झालाय. वल्को निवळला. सकाळी स्वतः कॉफी करून आणली आणि म्हणाला, "झालं गेलं. इस्क्राला सांग, तिकिटं जानेवारीपर्यंत परत करू नकोस. आपण जानेवारीत पुन्हा त्या बाईंकडे जाऊ."

"कशाला?"

"तुझी लस राहिलीय ना. तू तरी जाशील."

मी म्हटलं, मी एकटी कुठे जाणार, मला त्या पक्ष्याचं काय पडलंय. पण तो हसला. इतक्या दिवसांनी हसला की मी वाद घातला नाही. मनाने मोठा आहे माझा नवरा, हे मी कबूल करते. त्याच्यासमोर करणार नाही.

१८ नोव्हेंबर

आज हिवाळ्यासाठी पिंपात कोबी खारवायला घातला. दर वर्षी गड्डे दाबून बसवायचं काम वल्कोचं. आज दोन गड्डे दाबले आणि म्हणाला, पाणी फार गार आहे, बोटं आखडली. उरलेलं मी केलं. हल्ली कपही दोन्ही हातांनी धरतो. थंडी यंदा लवकर पडली.

काल रविवार होता म्हणून गोळीची आठवण केली, तर म्हणाला, "घेतली की." पूर्वी मला मागे लागावं लागायचं. आता आपणहून घेतो. सत्तरीत का होईना, माणूस सुधारला.

२४ डिसेंबर

नाताळची आदली संध्याकाळ. इस्क्रा आलीय. बिनमांसाचं सगळं मांडलं: घेवडा, भरल्या मिरच्या, भोपळ्याचं सारण भरलेली बनित्सा, सुकामेवा. पाव मोडायचा मान घरातल्या मोठ्याचा. वल्कोने पाव हातात घेतला, आणि तो त्याला मोडेना. पाव मऊ होता, मीच भाजलेला. त्याच्या कपाळावर घाम आला. इस्क्रा उठून म्हणाली, "बाबा, यंदा मी मोडू का?" आणि तिने मोडला. एक तुकडा घराचा, एक बापाचा, एक माझा, एक तिचा. वल्को म्हणाला, "एक हाजीचा." तोही ठेवला.

पावात घालून भाजलेलं नशिबाचं नाणं माझ्या तुकड्यात निघालं. वल्को नाण्याकडे बघत बसला. मी म्हटलं, "मला काय करायचंय नशीब, तू घे." म्हणाला, "असं देता येत नाही गं."

इस्क्रा जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "बाबांचे हात बघितलेस का?" मी म्हटलं, थंडी आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला राग आला. डॉक्टर आहे का ही? विमा विकते.

१५ जानेवारी

मी आंधळी आहे. हे आधी लिहिते आणि मग बाकीचं.

सकाळी कोटाच्या बाहीत वल्कोचा हात जाईना. मी धरून घातला. दवाखान्यात शिरल्या शिरल्या तो डॉक्टरबाईंना म्हणाला, "तीन महिने झाले. एकही गोळी घेतली नाही. टोचा आता."

मला सगळं एकदम दिसलं. पिंप, कप, पाव. रविवारी "घेतली की." तीन महिने हा माणूस आगीत हात धरून बसल्यासारखा बसला होता, आणि मला कॉफी करून देत होता.

बाई रागावतील असं मला वाटलं. त्या उठल्या, खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसल्या, आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. बोटांची पेरं सुजून गुळगुळीत झाली होती. "हा पेला उचला, बाय वल्को," त्या म्हणाल्या. कागदाचा पेला, अर्धा भरलेला. त्याने उचलला. पाणी मांडीवर सांडलं.

"कशासाठी केलंत हे?"

"परतभेट द्यायची होती," वल्को म्हणाला. मग त्याने त्यांना हाजीबद्दल सांगितलं. पहिल्या दिवसापासून. बाहेर रांग होती तरी बाईंनी त्याला मधे तोडलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "गोळी गेली, पण दुखणं जागं झालंय. आता तुमचं अंग स्वतःशीच भांडतंय. अशा अंगाला मी नवा पाहुणा देणार नाही. आणि आजच्या आज गोळी सुरू झाली नाही तर हे हात जातील. तुम्हाला ही लस नाही, बाय वल्को. यंदाही नाही आणि पुढेही नाही."

वल्कोने मान हलवली. खूप वेळ आपल्या हातांकडे बघितलं. मग अंगठ्याने माझ्याकडे खूण केली. "मग हिला टोचा."

मला नको म्हणायचं होतं. मला तो पक्षी आवडत नाही, विमान आवडत नाही, गरमी सोसत नाही. पण तीन महिने सोसलेल्या माणसासमोर हे कुठल्या तोंडाने सांगू? मी बाही वर केली.

साठीच्या पुढे ही लस देताना डॉक्टर फार विचार करतात. बाईंनी मला कितीतरी प्रश्न विचारले, रक्तदाब बघितला, धोका थोडा असला तरी आहे हे न लपवता सांगितलं. दम लागला, डोळे पिवळे झाले, ताप चढत गेला तर मला थेट फोन करा, म्हणाल्या. मग ती इवलीशी कुपी उजेडात धरून दाखवली. "यातल्याला तुमचं अंग एकदा बघेल, ओळखून ठेवेल, आणि मरेपर्यंत विसरणार नाही."

"मला काल चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही."

"तुम्हाला नसेल आठवत, गिंकामावशी. अंगाला आठवतं."

"चाळीस वर्षं मी हिला शिकवतोय," वल्को म्हणाला, "एक गोष्ट शिकली नाही. आणि तुम्ही एका सुईत?" आवाज रडका होता, तरी म्हणालाच.

पिवळं कार्ड मिळालं. त्यावर लिहिलंय की हे आयुष्यभर चालेल. माझ्याजवळ आयुष्यभर चालणारं दुसरं काही नाही. वल्को आहे, आणि त्याला आज मी बसमध्ये हात धरून बसवला.

२१ जानेवारी

कालपासून कणकण आहे. बाईंनी सांगितलंच होतं, पाच-सहा दिवसांनी येईल आणि जाईल. मी पांघरुणात पडून हाताकडे बघते. या हाताने आयुष्यभर घेवडा ढवळला. आणि आत, मला न विचारता, कुठल्याशा जंगलातल्या तापाशी ओळख करून घेणं चाललंय. म्हाताऱ्या अंगात शाळा भरलीय आणि मलाच आत यायला बंदी. भीती वाटते. पण भीतीपेक्षा जास्त नवल वाटतं. त्रेसष्ट वर्षं मी या अंगाला गुडघ्यांवरून शिव्या देत आले. ते इतकं हुशार आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वल्कोने सूप आणलं. गोळी सुरू झाल्यापासून हात थोडे उघडायला लागलेत, पण डाव्या हाताची दोन बोटं आता वाकडीच राहणार असं सांध्यांचे डॉक्टर म्हणाले. मी त्याबद्दल बोलायला गेले, तर म्हणाला, "उजवा आहे ना."

संध्याकाळी ताप उतरला.

५ फेब्रुवारी

उद्या निघायचं. वल्कोने बॅगेत राकियाची बाटली खुपसली. रोज सकाळी टोपणभर घे, सगळे जंतू मरतात, म्हणतो. मी म्हटलं, डॉक्टरबाई काय म्हणाल्या? "त्या अजून लहान आहेत." मी बाटली ठेवली. नाहीतर तो रुसेल.

"हाजीला काही नेऊ का?" मी गमतीने विचारलं.

तो विचार करून म्हणाला, "नको. नुसती जाऊन ये. कसा राहतो ते नीट बघ. घर कसं आहे, शेजार कसा आहे."

९ फेब्रुवारी

विमानतळावर पिवळं कार्ड बघून तिथल्या अधिकारी बाईने मला आत सोडलं. ते कार्ड मी गळ्यातल्या पिशवीत ठेवते, पासपोर्ट मात्र बॅगेत असतो.

आमचा वाटाड्या ओकेलो म्हणून आहे, केस पांढरे झालेले. तरुणपणी प्लोवदिवला शेतीचं शिक्षण घेतलं, आणि आमची भाषा अशी बोलतो की डोळे मिटले तर बाजारात उभं राहिल्यासारखं वाटतं. मला म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे अजून कोबीचं पाणी पितात का?" खोलीत माझ्याबरोबर एक निवृत्त दंतवैद्यबाई आहेत. त्या केळंसुद्धा राकियाने धुतात. वल्कोची बाटली मी त्यांना दिली. मच्छरदाणीत झोपते, गोळी जेवणाबरोबर घेते, कोशिंबिरीकडे बघत नाही. अजून करकोचा दिसला नाही.

१२ फेब्रुवारी

कसं लिहू.

पहाटे ओकेलोने आम्हाला एका पठारावर नेलं. तिथे गवत पेटलं होतं, लांबच्या लांब सगळं रान काळं, अजून धुगधुगतंय. आणि त्या काळ्यावर पांढरं. मला आधी कापूस वाटला. मग ते चालायला लागलं. करकोचे. जिथवर नजर जाते तिथवर करकोचे. शेतात खुरपणाऱ्या बायका जशा ओळीने पुढे सरकतात तसे सगळे एकाच बाजूला सावकाश चाललेले, जळालेले टोळ टिपत. मी गाडीत उभी राहिले आणि मला बसता येईना. दंतवैद्यबाईंनी माझा हात धरला होता, तेही मला मागाहून कळलं.

आयुष्यभर मला एकच करकोचा माहीत होता, तोही माझ्या चादरी खराब करणारा. एवढ्या सगळ्यांची घरं आहेत तिकडे. एवढ्या खांबांखाली एवढे वल्को उभे असतात. आणि यांना कोणी लस टोचत नाही, कार्ड देत नाही, वाट दाखवत नाही. माझं अंग म्हातारपणी एक गोष्ट शिकलं तर मी वहीत लिहिलं. हे तर शिकूनच जन्माला येत असतील. मला रडू आलं. कशाचं ते सांगता येणार नाही. दुःखाचं नव्हतं.

"हाजी," मी हळूच म्हटलं. मलाच हसू आलं. एकानेही मान वळवली नाही.

मग लक्षात आलं, आवाज नाही. आमचा हाजी उतरल्या क्षणापासून चोच वाजवतो, लाटणं पाटावर आपटल्यासारखी, दिवसभर. इथे इतके, आणि सगळे मुके. ओकेलोला विचारलं.

"इथे नाही वाजवत, मावशी. घरट्यावर असले की वाजवतात, आपल्या माणसाला. इथे यांना घरटं नाही. आज इथे गवत जळलं, इथे आले. उद्या दुसरीकडे पाऊस पडेल, तिकडे जातील. रात्री मिळेल त्या झाडावर बसतात."

"मग घर?"

"घर तुमच्याकडे," ओकेलो म्हणाला.

त्याच्या फोनवरून वल्कोला फोन लावला. तो तयारच बसला असावा, पहिल्याच घंटेला उचलला. मी म्हटलं, "दिसले. इतके, की मला सांगता येत नाही."

"ऐकव."

मी फोन रानाकडे धरला. वारा, आणि गवताचा तडतड आवाज. बराच वेळ धरून ठेवला.

"काही ऐकू येत नाही, गिंके."

"ते बोलत नाहीत इथे. घर नाही त्यांना इथे, वल्को. परतभेट द्यायला घरच नाही. त्याचं घर आपल्या खांबावर आहे."

मला वाटलं फोन तुटला. मग नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाला, "बरं झालं गेलीस."

१ मार्च

घरी आले त्याला आठवडा झाला. हिवतापाच्या गोळ्या आज संपल्या.

सकाळी वल्कोच्या मनगटाला नवा लाल-पांढरा धागा बांधला. त्याला गाठ मारता येत नाही. मग मी माझ्याही मनगटाला बांधायला घेतला.

"तुला कशाला? तू हजारो करकोचे बघून आलीस. तुझा सुटला यंदा."

"ते आपले नव्हेत," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उजवा हात पुढे करून माझ्या गाठीवर बोट धरलं, मला घट्ट बसवता यावी म्हणून.

२६ मार्च

वल्को सोमवारपासून प्लोवदिवच्या इस्पितळात आहे. सांध्यांचे डॉक्टर नवं औषध सलाईनमधून देतायत. इस्क्रा जवळ असते. जायला तयार नव्हता. म्हणाला, हाजी आला आणि मी नसलो तर? मी म्हटलं, वीस वर्षं येतोय, चार दिवस थांबेल. जाताना गाडीच्या मागच्या काचेतून खांबाकडे बघत गेला.

आज ऊन पडलं म्हणून चादरी धुतल्या. दोरीवर घालत होते तेव्हा सावली गेली. मी वर बघितलं नाही. मला धीर होईना. मग खांबावर काड्या सरकल्याचा आवाज आला, आणि मग तो वाजायला लागला. चोच मागे टाकून, पाठीपर्यंत, लाटणं पाटावर. अंग हाडकुळं झालंय, एक पीस मोडलंय, पाय मातीने माखलेले. त्या रानातून निघून मिळेल त्या झाडावर झोपत इथवर आलाय. तो मुका होता तिकडे, हे मला माहीत आहे. गावात दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

हातातला चिमटा खाली पडला. मी फोन लावला.

"काय झालं?" वल्को घाबरून म्हणाला.

"ऐक," मी म्हटलं, आणि फोन वर खांबाकडे धरला. हात भरून आला तरी धरून ठेवला. कानाला लावला तेव्हा पलीकडे इस्क्राचा आवाज येत होता, "बाबा, सुई हलवू नका, बाबा."

"पोचला का?" वल्कोने विचारलं.

"घरी आला."

तो म्हणाला, "गिंके, दोरीवर चादरी आहेत ना गं? काढ लवकर."

"राहू देत," मी म्हटलं.

शुक्रवारी त्याला घरी सोडतील. दोन्ही धागे तोवर मनगटावरच राहतील, मग मी सोडेन.